उंच पांगुळगाडा

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

आज घरी आलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून दवाखान्याचं छत पाठ झालं होतं. आता पडेगावचं आपलं छत. देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानायला हवेत, कारण उजवा हात शाबूत आहे आणि जीभही शाबूत आहे. सुनेला वाटत असेल की जीभ जरा जास्तच शाबूत राहिली, पण ती तसं बोलणार नाही. आशा गुणाची आहे. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नाही.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही, आणि अंगाला हात लावते तो पाया पडण्यापुरता. माझी बायको सरू असती तर तिने मला बकोट धरून उभं केलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आज दुपारी कॉटवरून उठताना तोल गेला. आशा धावत आली, तिने हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. तिने माझ्या मुलाला, कारभारीला, हाक मारली, पण तो रात्रपाळी करून झोपलेला. तो डोळे चोळत येईपर्यंत मी माझा मीच कॉटवर आपटलो होतो. लागलं नाही. आशाचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

संध्याकाळी कारभारीने ॲल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर आणला. मी सरळ सांगितलं, हे भांडं परत कर. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांना धावायला शिकवलं, आता सगळ्या गल्लीदेखत ते खडखडवत फिरू? वॉकर परत गेला नाही, आणि मीही त्याला हात लावला नाही.

२३ नोव्हेंबर

राहत आली होती. कमरोद्दीनची मुलगी. कमरोद्दीन माझा विद्यार्थी, लांब उडीत जिल्ह्यात पहिला आलेला. पोरगी आता फिजिओथेरपिस्ट आहे, स्कूटीवरून घरोघर जाते. बापाने सांगितलंय म्हणून माझ्याकडून फी घेत नाही. असा एक विद्यार्थी निघाला की बाकीच्यांनी केलेला छळ फिटतो.

तिने माझी परीक्षा घेतली. कॉटवरून हात न टेकता उठा. दारापर्यंत जाऊन वळून या. एका पायावर उभे राहा. डोळे मिटून उभे राहा. हेच सगळं मी पोरांना करायला लावत होतो आणि चुकलं की पाठीत धपाटा घालत होतो.

"सर, घाई नक्को. आहिस्ता," ती म्हणाली.

दारापर्यंत गेलो तो भिंत धरून. वळताना डावा पाय मागेच राहिला. एका पायावर उभं राहणं जमलंच नाही. तिने कागदावर काय लिहिलं ते दाखवलं नाही. मी विचारलं, किती पैकी किती? ती म्हणाली, "अब्बा सांगतात, सर कुणाला नापास करत नव्हते." हे साफ खोटं आहे. मी पुष्कळांना नापास केलंय.

२८ नोव्हेंबर

आशाला नोकरीचा हुकूम आला. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका शाळेत शिक्षणसेवक. संक्रांतीनंतर रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पोरीने डी. एड. केलं, परीक्षा दिल्या, बाळंतपण झालं तरी अर्ज करत राहिली. मला आनंद झाला आणि लगेच काळजीही लागली. ती गेली तर ठमीकडे कोण बघणार आणि माझ्याकडे कोण? ठमी म्हणजे आमची नात. पाळण्यातलं नाव गार्गी, पण असली ठमाबाई आहे की ते नाव कुणाच्या तोंडात बसलंच नाही.

संध्याकाळी सोयगावहून वच्छीचा फोन आला. माझी थोरली. बातमी तिला कळली होती.

"अण्णा, तुमी इकडंच या. तिथं तुमाला उठवायला बी कुणी नाय. मी हाय, पोरं हायेत. वयनीची नोकरी बी ऱ्हाईल आन् ठमीला पाळणाघरात ठिवता येईल."

लेक लाखाची आहे. तिचं बरोबरच आहे. पण माझं सगळं इथं आहे. हे घर सरूने विटा मोजून घेऊन बांधलं. ठमी इथं आहे. वच्छीला म्हटलं, बघू. फोन ठेवला तेव्हा आशा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. जेवायला वाढू का, एवढंच विचारलं. राहा म्हणाली नाही. जा म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

२ डिसेंबर

माझ्याकडे कुणाचं लक्ष नसलं तरी माझं सगळ्यांकडे असतं. अंगणात खाट टाकून बसलो की येणाऱ्याजाणाऱ्याची चाल तपासतो. जुनी खोड आहे. दूधवाला डाव्या टाचेवर भार देत नाही, त्याला काटा रुतलाय. कारभारी रात्रपाळी करून येतो तेव्हा पाय उचलत नाही, ओढतो. शेजारच्या आवडाबाई ऐंशीच्या पुढे असतील, पण दाणे निवडायला उकिडव्या बसतात आणि हात न टेकता उठतात. त्यांना पैकीच्या पैकी.

आणि ठमी नापास. पोरगी वर्षाची व्हायला आली तरी रांगत नाही. बसल्या जागेवरून बुडाने सरकत जाते, एक पाय वल्ह्यासारखा मारत. माझी दोन्ही पोरं आठव्या महिन्यात घरभर रांगली होती. आशाला सांगितलं तर ती नुसती हसली. आई झाली की माणूस आंधळं होतं.

आज राहत आली तेव्हा मी माझं राहू दे म्हणालो आणि ठमीला पुढे केलं. तिने तिला पालथं घातलं, बसवलं, कॉटला धरून उभं केलं, तिच्या पुढ्यात चमचा धरला आणि मागे नेला. म्हणाली, काही मुलं रांगतच नाहीत, अशीच सरकतात आणि थोडी उशिरा चालतात, फिकीर नाही. मला ते पटलं नाही. मी दोनदा-तीनदा विचारलं. मग ती आशाकडे बघून जरा थांबली आणि म्हणाली, "एक करता येईल. पण रोज करावं लागेल, आणि घरात कुणाला वेळ आहे?"

मी म्हटलं, मला वेळच वेळ आहे.

"मूल बघून शिकतं, सर. तुम्ही चटईवर उतरायचं आणि तिला करून दाखवायचं. कुशीवर वळणं, हातागुडघ्यावर येणं, एक पाय पुढे टाकून उठणं. फक्त सांगून नाही चालणार."

हे मला कुणी शिकवायला नको. शिक्षकाने आधी करून दाखवावं, मग पोराला सांगावं, हे मी नव्या मास्तरांना कंठरवाने सांगत आलो. उद्यापासून सुरू.

६ डिसेंबर

दाऊद मिस्त्रीने घोळ घातला. आशाने त्याला ठमीसाठी पांगुळगाडा करायला सांगितला होता. गाडा आज आला. लाकूड चांगलं आहे, सागाचं. पण त्याला माप म्हणून काही कळत नाही. मूल धरून चालतं तो दांडा ठमीच्या डोक्याच्या किती वर असावा? माझ्या कमरेला लागतो. शिवाय तीन चाकांच्या जागी चार, आणि तीही इतकी घट्ट की ढकलल्याशिवाय हलत नाहीत. पुढे एक पेटी ठोकलीय, तिच्या तळाला फुटक्या जात्याची तळी बसवलीय. मुलाच्या गाड्यात जातं कशाला?

मी त्याला फैलावर घेतला. तो गुडघा चोळत उभा राहिला. त्याचे दोन्ही गुडघे गेलेत, उठताना आधी त्यांना शिवी देतो मग उठतो.

"अब क्या बोलू सरजी. माप चुकलं. वजन नसलं तर पलटी खातो ना गाडा."

"अरे, पण पोरीचा हात पोचायला नको?"

"लेकरू मोठं होईल की. मग बरोब्बर येईल."

अशा माणसाशी काय बोलणार. आशा म्हणाली, लाकूड वाया जाईल, राहू द्या. मग म्हणाली, "अण्णा, ठमीला त्या पेटीत बसवून जरा फिरवता का? मला भाकरी टाकायच्यात." ठमीला पेटीत बसवलं. ती दोन्ही हातांनी पेटीवर थापा मारायला लागली. दांडा धरला, ढकलला, अंगणाच्या टोकापर्यंत गेलो आणि वळवून आणला. पोरगी इतकी खुश की पुन्हा पुन्हा. दाऊदच्या चुकीने ठमीची मजा झाली म्हणायची. त्याला शिव्या दिल्या ते जास्तच झालं.

वॉकरवर आता ठमीची दुपटी वाळतात. त्याला योग्य काम मिळालं.

९ डिसेंबर

चटईवर उतरणं म्हणजे विहिरीत उतरणं. खाली गेलो आणि वर येता येईना. ठमी समोर बसून टाळ्या वाजवत होती. आशा स्वयंपाकघराच्या दारात होती, पदर तोंडाला लावून. पुढे आली नाही. आवडाबाई दाणे निवडत बसल्या होत्या.

"सर, आदी एक गुडघा टेका. मंग खाटेचा माचवा धरा. मी लई बाळंतिणी उठिवल्या, तुमी काय जड हाये?" म्हणाल्या.

उठलो एकदाचा. घामाने बनियन भिजलं. ठमीला काही कळलं असेल असं वाटत नाही.

१६ डिसेंबर

रोज करतो. कुशीवर, पालथा, हातागुडघ्यावर, एक पाय पुढे, वर. डावा हात कोपरात कोसळतो, तेव्हा ठमीला म्हणतो, हे असं करायचं नाही हं. चूक दाखवणं हेही शिकवणंच आहे. ती माझ्या पाठीवर चढायला बघते. रांगायचं नाव नाही. आज मात्र कॉट धरून उभी राहिली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काय बक्षीस मागतेय. मी तिला गूळ दिला. आशाने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

गाडा ढकलत आता फाटकाबाहेर जातो. दाऊदच्या दुकानापर्यंत गेलो होतो. आजोबा नातीला फिरवताहेत, यात कुणी बोट ठेवावं असं काही नाही. दाऊदने चहा पाजला. गाड्याची चाकं घट्ट आहेत, तेल घाल म्हटलं, तर म्हणाला, "राहू द्या सरजी, दो हफ्ते के बाद डालता." कामचुकार आहे, पण चहा फक्कड करतो.

२४ डिसेंबर

ईदमुळे राहत गेल्या आठवड्यात आली नव्हती, आज आली. माझ्याकडे फार लक्ष दिलं नाही. ठमीला शिकवताना मला बघत बसली आणि लिहीत होती. जाताना फाटकापाशी ती आणि आशा बराच वेळ बोलत उभ्या होत्या. मी अंगणात आलो तशा गप्प झाल्या.

मला काय कळत नाही का? सोयगावचं ठरवत असणार. आशाला नोकरीवर जायचंय, तिचं वय आहे, तिने का अडून राहावं? वच्छी म्हणाली होती ते राहतच्या तोंडून आलं की मला वाईट वाटणार नाही असा त्यांचा हिशेब असेल. आशाचा राग येत नाही. येतो थोडा. एवढे दिवस गरम पाणी, गरम भाकरी, औषध वेळेवर, हे सगळं तिने केलं, आणि राहा म्हणायला एक शब्द लागतो तो तिच्यापाशी नाही. तोंडावर बोलायची आमच्या घरात तिला सवयच लावली नाही, हेही खरं.

मी एक ठरवलंय. ठमी चालायला लागेपर्यंत थांबेन. मग वच्छीला म्हणेन, ये आणि घेऊन जा. माझं काय, मी आहे तसाच आहे.

३ जानेवारी २००८

दाऊदने चाकांत तेल घातलं. गाडा आता नुसता पळतो. जात्याची तळीही काढून घेतली, म्हणाला जड होते. आधी घातलीस कशाला, विचारलं तर हसला.

ठमी कॉटवरून भिंतीकडे, भिंतीवरून माझ्या धोतराकडे, अशी धरून धरून जाते. सुटून एक पाऊल टाकत नाही. भित्री आहे. मी तिला सांगितलं, पडलं तर पडलं, उठायचं. आधी आपण पडून दाखवलं पाहिजे म्हणून हळूच चटईवर पडलो आणि उठलो. ती खदखदून हसली. आणखी करा म्हणून हात हलवायला लागली. जेवायची वेळ होईपर्यंत तोच खेळ चालला.

११ जानेवारी

आज ठमीची परीक्षा झाली. राहत कागद घेऊन बसली, आशा तिच्याशेजारी जमिनीवर, कारभारीही सुट्टी काढून घरी. एवढ्या लोकांसमोर पोरगी बुजणार हे मला माहीत होतं, म्हणून आधी मी प्रत्येक गोष्ट करून दाखवली. कॉटवरून उठलो. दारापर्यंत जाऊन वळून आलो. चटईवर बसलो, उठलो. एका पायावर उभा राहिलो, तेही ठमीला हसवायला, बगळ्यासारखी मान काढून. ठमीने काय केलं? बुडाने सरकत गेली आणि राहतचं पेन ओढलं.

मला लाज वाटली. इतकी मेहनत घेतली आणि ऐनवेळी पोरगी ढिम्म. पण राहतने कागदावर सही केली आणि म्हणाली, "पास. एकदम पास, सर." तिचे डोळे भरून आले होते. लेकरांवर फार जीव आहे तिचा. कारभारी उगाच बाहेर जाऊन गाडीला किक मारायला लागला आणि गाडी सुरू झाल्यावर बंद करून परत आला.

मी राहतला म्हटलं, बेटा, तुझे उपकार आहेत, ठमीची काळजी मिटली. ती पाया पडायला वाकली.

रात्री आशा म्हणाली, "अण्णा, मी शाळेत गेले की ठमीला तुमच्यापाशी ठेवणार आहे. आवडाबाई येऊन-जाऊन असतील. राहतताई हो म्हणाल्यात." मी म्हटलं, ठमीचं झालं तसा वच्छीला फोन केलाय, ती संक्रांतीनंतरच्या रविवारी येणार आहे. ती येईपर्यंत सांभाळतो. आशाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ठमी रडली म्हणून आत गेली.

१५ जानेवारी

संक्रांत. आवडाबाईंनी तिळगूळ दिला, दाऊदच्या घरी मी नेऊन दिला. कमरोद्दीन राहतबरोबर आला होता, केस पांढरे झालेत त्याचे. लांब उडीचा विषय निघाला. इतकी माणसं माझ्याशी चांगली का वागतात याचा विचार करत बसलो. पोरांना मारलेले धपाटे ती विसरली असावीत.

१७ जानेवारी, गुरुवार

आशाचा शाळेतला पहिला दिवस. सकाळी पाया पडली, ठमीचा पापा घेतला आणि मागे न बघता गेली. मागे बघितलं असतं तर गेली नसती.

आणि ठमी आजच चालली. सगळं नीट लिहून ठेवतो.

दुपारची गोष्ट. आवडाबाई सकाळपासून बसून नुकत्याच शेळीला पाणी दाखवायला गेल्या होत्या. मी ओसरीवर चटई टाकून मटार सोलत होतो. ठमी खाटेला धरून उभी. बाहेर शेळी ओरडली आणि हिने खाट सोडली. एक पाऊल, दुसरं पाऊल, हात दोन्ही वर. मी श्वास धरून बघत राहिलो. मला वाटलं, दोन-तीन पावलांत बसेल. बसली नाही. पायरीवरून बसून उतरली, पुन्हा उभी राहिली आणि अंगणातून थेट फाटकाकडे. फाटक आवडाबाईंनी उघडं टाकलेलं, पलीकडे दौलताबादचा रस्ता, ट्रक चाललेले. हाक मारली तर आणखी जोरात निघाली. फाटकाच्या चौकटीत गाठली, काखेत मारली आणि फाटक लावून परत आलो. मटार सगळीकडे सांडले होते. ठमीला चटईवर बसवलं आणि तिच्यासमोर बसून तिला खूप बोललो, मग खूप पापे घेतले. तिला काही झालं नाही, देवाचे आभार.

संध्याकाळी आशा आली तेव्हा मला धीरच नव्हता. चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. फाटकाचं ऐकून चेहरा पांढरा पडला.

"मग तिला आणलं कुणी?"

"मी. दुसरं कोण होतं?"

"गाडा घेऊन?"

"गाडा स्वयंपाकघरात आहे. तूच सकाळी त्यात मेथीच्या जुड्या ठेवल्यात."

"मग कसे गेलात अण्णा?"

"कसा म्हणजे? पळत. ट्रक काय थांबणार होते?"

ती दाराच्या चौकटीतच खाली बसली आणि रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. आणि मग तिने माझा हात धरला. दोन्ही हातांनी, घट्ट, डोकं त्यावर टेकून. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हात सोडवावा असं मला वाटलं नाही. ती म्हणाली, "आता कुठं जायचं नाही. वन्संना मी सांगते. हे घर तुमचं आहे, तुम्ही कुठंच जायचं नाही." आवाज चांगला चढला होता. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझेही डोळे भरून आले.

राहा म्हणाली, ते पुरे. पण रडली कशासाठी ते मला कळलं आहे. पोरीची पहिली पावलं आईला बघायला मिळाली नाहीत, तीही नोकरीच्या पहिल्याच दिवशी. कुठल्याही आईला लागेल. मी तिला म्हटलं, रडू नकोस, ती उद्याही चालेल.

तेव्हा उद्या सकाळी आशा निघायच्या आधी ठमीला पुन्हा चालवायची. आशाला पायरीवर बसवीन, म्हणजे तिला सगळं नीट दिसेल. ठमीला खाटेजवळ उभी करीन आणि मी अंगण ओलांडून फाटकापाशी जाऊन उभा राहीन.